विसण

कॉलिन जाताना म्हणाला, याला सारखं बंद-चालू करू नका.
गॅससारखं धावत येऊन घर तापवणारं हे नव्हे,
हे आपल्या चालीनं चालत राहतं.
पस्तिसावर ठेवा आणि विसरून जा.
श्रीपादने मान डोलावली
आणि त्याच रात्री वही काढली.

मागच्या अंगणात, कोळशाच्या जुन्या कोठडीशेजारी,
आता एक पांढरी पेटी घुमते.
बाहेर उणे दोन, कुंपणाच्या दगडांवर दहिवर गोठलेलं,
आणि ही त्या हवेला पाझर फोडते.
वीज एक युनिट, ऊब तीन युनिटं.
आवळा देऊन कोहळा,
श्रीपाद वहीत लिहितो
आणि कोहळ्याखाली रेघ मारतो.

रेडिएटरला हात लावला तर तापलेला नाही, गारही नाही,
दुपारी झोपलेल्या माणसाच्या कपाळासारखा.
पहिले पंधरा दिवस मी शाल घेऊन बसले.
थंडी वाजत नाहीये
हे मला उशिरा कळलं.

पाण्याचं त्रांगडं वेगळं.
पहाटे दोन ते पाच वीज स्वस्त, पण हवा सगळ्यात कडक.
दुपारी हवा मऊ, यंत्राला धाप कमी,
पण वीज महाग.
या विषयावर आमची तीन आठवडे जेवणं झाली.
ऋजुता म्हणाली, घटस्फोट तरी घ्या
नाहीतर छपरावर सोलर तरी.
शेवटी पहाट जिंकली,
आठवड्याला पस्तीस पेन्सांनी.

मग आकडा.
पंचावन्नापासून दर रविवारी एकेक अंश
श्रीपाद उतरत गेला, कुणाला न सांगता,
रात्री उशिरा आलेला माणूस
चपला हातात घेऊन जिना चढतो ना, तसा, पण खाली.
त्रेचाळिसाला ऋजुता बाथरूममधून किंचाळली.
तो एक पायरी वर आला.

चव्वेचाळीस.
कोमट नाही, कढत नाही. ऊन.
त्या दिवशी शॉवरखाली मला एक शब्द आठवला
जो स्किप्टनच्या सव्वीस वर्षांत
मी एकदाही उच्चारला नव्हता.
विसण.
कढत पाण्याची बादली, तिच्यात गार पाण्याचा तांब्या,
हात घालून बघायचं, अजून थोडं, अजून थोडं.
किती सरपण जाळून आपण पाणी तापवलं
आणि मग निववलं.
इथल्या भाषेत विसणाला शब्द नाही.
आता आमच्या घरात त्याला कामही नाही.

फक्त गुरुवारी पहाटे टाकी साठावर जाते,
जंतूंसाठी.
त्या सकाळी पाणी चटका देतं.
मी दोन्ही नळ सोडते, हात धरून बसते,
उगाच वेळ लावते.

जानेवारीत शेजारच्या डोरीन थ्वेटचा बॉयलर बसला.
शनिवार संध्याकाळ, मेकॅनिक सोमवारी येणार.
चौऱ्याऐंशी वर्षांची बाई टॉवेल काखेत घेऊन दारात,
चेहरा उसने पैसे मागायला आल्यासारखा.
टाकीत उरलेलं जेमतेम भांड्यांपुरतं,
आणि तिला लागतो टब.

श्रीपादने घड्याळ पाहिलं. सहा.
विजेची सगळ्यात महाग घटका.
वही टेबलावर उघडीच होती.
तो काही बोलला नाही, जाऊन बटण दाबून आला.
मी डोरीनला चहा दिला, मग दुसरा दिला.
बाहेर पेटी वाफा टाकत होती
चढावरच्या घोड्यासारखी.

ती तासभर आत होती.
बाहेर आली ती न्हालेल्या बाळंतिणीसारखी, गुलाबी, जड पापण्यांची.
म्हणाली, माझ्या घरी मला नेहमी
गार पाणी मिसळावं लागतं.

वहीत त्या शनिवारचा आकडा आहे, ठळक, न लपवलेला.
शेऱ्याच्या रकान्यात, जिथे तो 'धुकं' लिहितो किंवा 'बर्फ',
तिथे लिहिलंय: पाहुणी.

रविवारी टाकी शेहेचाळिसावर होती.
मी विचारलं नाही.